दोनशे चौदावा पापुद्रा

कझानमध्ये हिवाळा लागला की लोकरीचे हातमोजे सुकवायचे कुठे, हा बायकांपुढचा रोजचा प्रश्न. घरातल्या गरम नळांवर पोरांचे पायमोजे आधीच जागा धरून बसलेले असतात. भौतिकशास्त्राच्या संस्थेतल्या बायकांनी यावर आपापले तोडगे काढले होते. ग्रंथालयातली बाई टेबलावरच्या दिव्याच्या छत्रीवर मोजे घालायची, हेलियम थंड करून पातळ करणाऱ्या विभागातल्या बायका यंत्राच्या नळ्यांवर. आणि वरच्या मजल्यावर धातूचे पापुद्रे बनवणारी रुशानिया आपले मोजे निर्वात भांड्याच्या दांड्याला अडकवायची.

हे भांडं म्हणजे कमरेइतक्या उंचीचा पोलादी हंडाच. पंपाने आतली हवा ओढून घ्यायची, बुडाशी ठेवलेला धातू विजेच्या कणांच्या झोताने तापवायचा, त्याची वाफ वर चढते आणि उलट्या टांगलेल्या काचेच्या चिपेवर जाऊन बसते. आधी शिशाचा थर, मग लोखंडाचा, मग पुन्हा शिशाचा. सगळे मिळूनही केसाच्या हजाराव्या भागाएवढे जाड नसतात. बाहेरचा दांडा फिरवला की आतली चीप फिरते. दांडा नेहमी कडेवरच्या लाल खुणेशी जुळलेला हवा. वरच्या भिंतीवर पाटी होती: ‘दांड्यावर काहीही अडकवू नये.’ अक्षर मिदहात अबियचं, ज्याच्यासाठी ती पापुद्रे बनवायची त्या शास्त्रज्ञाचं. अबिय म्हणजे थोरला भाऊ. तिकडे वयाने मोठ्या बाईला आपा आणि पुरुषाला अबिय म्हणतात, मग मनात त्याच्याविषयी काहीही असो.

पाटी होती, तरी मोजे तिथेच असायचे. पंपाची ऊब तिथे छान लागायची.

अठ्ठ्याऐंशी सालचा फेब्रुवारी. रुशानिया एकोणतीस वर्षांची. नवरा उत्तरेकडे तेलाच्या विहिरींवर कामाला म्हणून गेला तो गेलाच. पाच वर्षांची लेक तेवढी मागे राहिली. त्याच जानेवारीत रुशानियाच्या हातून पंपाच्या पाण्याचा नळ सुरू करायचा राहिला आणि पंप जळाला. संचालकांनी बोलावून सांगितलं, ‘‘आणखी एक चूक झाली की तुला खाली कोट सांभाळायला बसवतो.’’ संस्थेच्या दाराशी लोकांचे ओव्हरकोट घेऊन बिल्ले द्यायचं ते काम. पगार निम्मा, आणि येणारा जाणारा ओळखीचा.

मिदहात तेव्हा छत्तीसचा. लांब हातांचा, वाकून चालणारा, बिनलग्नाचा. म्हाताऱ्या मग्रुई आत्याबरोबर राहायचा. त्याच्या डोक्याला एकच भुंगा लागलेला. अतिथंड शिशात विजेचे कण जोडीने चालतात आणि त्यांना कुठेच अडथळा होत नाही. पण त्या जोडीतल्या एकाचं तोंड वर असतं, दुसऱ्याचं खाली. लोखंडाचं तर सगळंच वेगळं. ते चुंबकाच्या जातीचं, त्याला सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला लागतात. त्यामुळे जोडी लोखंडात शिरली रे शिरली की फुटते. मिदहातला बघायचं होतं ते एवढंच, की किती आत जाऊन फुटते. म्हणून तो दोन शिशांच्या मध्ये लोखंड थोडं थोडं वाढवत नेत होता. लोखंड एका दमात नीट बसत नसे. म्हणून एक पातळ थर, मधला जाड, पुन्हा एक पातळ, आणि त्यांच्यामध्ये तांब्याचं नुसतं बोट लावल्यासारखं.

दोनशे चौदाव्या पापुद्र्याच्या दिवशी बाहेर बर्फ भुरभुरत होतं. लोखंडाचा पहिला थर बसला. लेकीला पाळणाघरातून आणायची वेळ झाली होती. एक मोजा तरी वाळलाय का, म्हणून रुशानियाने तो ओढून बघितला. तो निघाला, पण ओलाच होता, म्हणून पुन्हा अडकवून ती मधल्या थराकडे वळली. तो पुरा बसल्यावर तिची नजर दांड्यावर गेली. दांडा लाल खुणेवर नव्हता. मोज्याबरोबर तो पाव वळसा फिरला होता, आणि मधला सगळा थर तसाच बसला होता.

तिने दारापर्यंत जाऊन पाहिलं. कोणी नव्हतं. तिने दांडा हळूच खुणेवर परत आणला, शेवटचा पातळ थर चढवला, वर शिसं दिलं, आणि टिपणवहीत नेहमीसारखं लिहिलं: ‘दांडा खुणेवर.’ मनाशी म्हणाली, जाऊ दे, इतक्या जाड लोखंडातून काही जाणार नव्हतंच. उद्या फेकूनच देतील.

दुसऱ्या दिवशी तो पापुद्रा हेलियममध्ये उतरला. मोजणीच्या यंत्राचं पेन कागदावर रेघ ओढत होतं. आणि मग ते पेन खाली आलं. थेट तळाला टेकलं. एवढ्या जाड लोखंडातून वीज बिनअडथळा आरपार गेली होती.

मिदहात खुर्चीवरून उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. कपातला चहा सांडला तो कुणाच्या लक्षातही आला नाही.

‘‘रुशानिया, तू पाहिलंस ना?’’

‘‘पाहिलं.’’

‘‘एक म्हणजे योगायोग. दुसरा लागला की खरं.’’ मग कागद गुंडाळता गुंडाळता, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, ‘‘दुसरा पापुद्रा लागू दे. मग मग्रुई आत्याला तुझ्याकडे चहाला धाडतो.’’

कुणाची आत्या तळलेल्या पिठाचा, मधात घोळवलेला चकचक घेऊन एकट्या बाईच्या घरी चहाला जाते ती मागणी घालायलाच, हे कझानमध्ये लहान पोरालाही कळतं. रुशानियाने मान खाली घालून चिमटे पुसायला घेतले. स्वच्छच होते ते. तिने पुन्हा पुसले.

पण दुसरा लागला नाही.

त्या वर्षी चाळीस पापुद्रे बनले. प्रत्येक वेळी दांडा खुणेवर, मिदहात स्वतः वाकून बघायचा. रुशानियाला पाव वळसा आठवायचा. एकदा, दोनशे एकोणचाळिसाव्याला, तो चहाला गेलेला असताना तिने दांडा मुद्दाम पाव फिरवला आणि लोखंडाचे तिन्ही थर तसेच बसवले. मग मोजणीची वाट पाहिली. पेन वरच राहिलं. ती घरी जाऊन रडली, आणि खरं सांगायचं तर तिला थोडं हायसंही वाटलं. म्हणजे वळशाचा काही संबंध नव्हता. म्हणजे सांगण्यासारखं काही नव्हतं.

मॉस्कोच्या सभेत मिदहातने दोनशे चौदावा मांडला, तेव्हा एकाने उठून विचारलं, ‘‘लोखंडाला भोक पडलं असेल आणि शिसं शिशाला टेकलं असेल, हे तपासलंत का?’’ सभा हसली. ते हसू आगगाडीत बसून मिदहातच्या आधी कझानला पोचलं. खानावळीत लोक त्याला ‘भोकवाला’ म्हणू लागले. ‘‘मिदहात, साखर पास कर. भोकातूनच कर हवं तर.’’ तो साखर पुढे करायचा. पुढे देश मोडला, पगार थांबले, आणि एका वसंतात तो आत्याला घेऊन युकेली गावी वडिलांच्या मधमाश्यांकडे निघून गेला. जाताना रुशानियाला एवढंच म्हणाला, ‘‘माझ्या डोळ्यांनीच लोभ केला बहुतेक.’’

रुशानिया राहिली. लेक वाढवली, तिचं लग्न केलं. पापुद्रे बनवत राहिली. हजाराच्या वर गेले. जुन्या वह्या रद्दीत निघाल्या तेव्हा अठ्ठ्याऐंशीची वही तिने पिशवीत घालून घरी नेली आणि पिठाच्या डब्यामागे ठेवली. कधी उघडली नाही. चकचक मात्र ती त्यानंतर कधी खाऊ शकली नाही. कुणी विचारलं की दातांचं कारण सांगायची.

एकतीस वर्षं अशी गेली.

हेलियम गुरुवारी मिळतो, म्हणून बुधवारी पापुद्र्यांच्या खोलीत निवांत गुबादिया खायची पद्धत. भात, तांबूस आटवलेलं दही, अंडं, बेदाणे, असे एकावर एक थर दिलेला हा गोल पाव-पिठाचा पदार्थ रुशानिया घरून करून आणते. थर एकमेकांत मिसळले की तिकडची सासू सुनेला नापास करते. त्या बुधवारी नवी शास्त्रज्ञ मुलगी इल्झिरा तिच्यासमोर बसून खात होती. सव्वीस वर्षांची, बडबडी, तोंडात घास असताना बोलणारी.

‘‘आपा, उद्या नाही, पुढच्या गुरुवारसाठी मला एक विचित्र पापुद्रा पाहिजे. कराल का?’’

‘‘आधी गिळ, मग बोल.’’

इल्झिराने गिळलं. ‘‘नवं गणित असं सांगतं की लोखंडात न फुटणारी जोडीसुद्धा असते. दोघांची तोंडं एकाच बाजूला. मग लोखंड तिला काय फोडणार? पण ती आपोआप होत नाही. ती करावी लागते.’’ तिने ताटाशेजारी चमचा ठेवला. त्याच्यापुढे सुरी आडवी ठेवली. सुरीपुढे पुन्हा चमचा, पहिल्याच्याच दिशेला. ‘‘हा पातळ थर. त्यात जोडी जरा वळते. हा मधला जाड, काटकोनात. तो ती आरपार नेतो. आणि हा शेवटचा, पुन्हा पहिल्यासारखा. तो तिला परत घरी आणतो. तिन्ही एका दिशेला ठेवले तर उपयोग शून्य. मधला तेवढा आडवा पाहिजे. आता लोखंडाची दिशा ठरते ती तुमच्या भांड्याच्या बुडाशी झोत वाकवायला लोहचुंबक आहे ना, त्याच्याकडे बघून. म्हणून मधल्या थराला दांडा…’’

‘‘पाव वळसा,’’ रुशानिया म्हणाली.

‘‘हां. आणि मग…’’

‘‘मग परत खुणेवर.’’

इल्झिरा हसली. ‘‘आपा, तुम्ही तर माझ्या पुढे. कुठे वाचलंत?’’

रुशानिया चमचा, सुरी, चमचा यांच्याकडे बघत राहिली. म्हणजे चूकही हवी होती आणि ती घाबरत केलेली दुरुस्तीही. दोनशे एकोणचाळिसाव्याला तिने नुसती चूक केली होती. दुरुस्त केली नव्हती.

‘‘कुठे नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तू खा.’’

पापुद्रा तिने शुक्रवारी बनवला. दांडा दोन्ही हातांनी फिरवला. आता गुरुवारपर्यंत थांबायचं, पेन खाली येतं का बघायचं, आणि आलं तर मग युकेलीला जायचं, असं शहाणपण तिलाही सुचलं. पण शनिवारी सकाळी पिठाच्या डब्यामागची वही काढताना तिला वाटलं, पेन तळाला टेकलेला कागद हातात घेऊन गेले तर ते बक्षीस घेऊन जाणं होईल. आणि नाही आलं तर मी पुन्हा गप्पच बसेन. मी स्वतःला ओळखते.

ती दहाच्या बसने निघाली.

युकेलीत मिदहातचं घर शोधावं लागलं नाही. तो घराखालच्या तळघरात होता. हिवाळ्यात मधमाश्यांच्या पेट्या तिथे ठेवतात, आणि त्या जिवंत आहेत का ते कळायला रबराची नळी एका टोकाने पेटीच्या फटीत आणि दुसऱ्या टोकाने कानात घालून ऐकतात.

‘‘थांब जरा,’’ पाठमोराच तो म्हणाला. ‘‘ही कुरकुरतेय. उपाशी आहे की काय.’’ मग नळी काढून वळला. केस पांढरे, पाठ होती तशीच वाकलेली.

‘‘रुशानिया. संस्था जळाली का?’’

‘‘नाही. चहा देता का, मिदहात अबिय?’’

त्याने दूध घालून चहा केला, मधाची वाटी पुढे सरकवली. तिने मधाला हात लावला नाही. वही काढून टेबलावर ठेवली, पान उघडलं, आणि सगळं सांगितलं. मोजा, दांडा, मधला थर, मागे आणलेला दांडा. दोनशे एकोणचाळिसावाही सांगितला. इल्झिराची सुरी आणि चमचे सांगितले. पेन खाली आलंय की नाही हे अजून ठाऊक नाही, हेही.

मिदहातने ‘दांडा खुणेवर’ या दोन शब्दांवर बोट ठेवलं.

‘‘एकतीस वर्षं,’’ तो म्हणाला. ‘‘आरशात बघताना मला वाटायचं, या माणसाने नसलेलं पाहिलं.’’

‘‘मला कोट सांभाळायला धाडलं असतं.’’

‘‘धाडलं असतं. मग? रोज सकाळी तुझ्याच हातात कोट दिला असता मी.’’ त्याचा आवाज चढला होता. त्याने चहाचा पेला बाजूला सारला, उठला, खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. रुशानियाला वाटलं, आता हा मला जायला सांगेल, आणि ते बरोबरच होईल. तिने डोक्याला बांधायचा रुमाल उचलला.

‘‘मोजे कुठले होते?’’ त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

‘‘करडे. डाव्याच्या अंगठ्याला…’’

‘‘लाल लोकरीचं रफू.’’

तिने रुमाल खाली ठेवला.

‘‘दांड्यावर रोज बघायचो मी ते. पाटी मीच लिहिलेली, आणि मीच बोलत नव्हतो. खोलीत शिरलो की आधी ते आहेत का बघायचो. असले की दिवस बरा जायचा.’’ तो वळला. ‘‘चाळीस पापुद्रे तपासले मी. शिसं तपासलं, पंप तपासला, तराजू तपासला. मोज्यांचं विचारायचं माझ्याही जिवावर आलं. विचारलं असतं तर तू ते काढून ठेवले असतेस.’’

त्याने खिडकीतलं पेन आणून तिच्यापुढे ठेवलं.

‘‘लिही.’’

‘‘काय?’’

‘‘जे झालं ते. तुझ्याच अक्षरात. वही खोटी राहता कामा नये.’’

तिने जुन्या ओळीवर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं: ‘मधल्या थराला दांडा पाव वळसा. नंतर परत खुणेवर.’ सही केली. त्याने पान वर धरून वाचलं, शाई सुकेपर्यंत फुंकर घातली आणि वही मिटून तिला दिली.

‘‘आत्या जाऊन बारा वर्षं झाली,’’ तो म्हणाला.

‘‘कळलं होतं.’’

‘‘शेवटपर्यंत विचारायची. कझानला चहाला कधी जायचंय म्हणून. निळी शाल बाजूला काढून ठेवली होती तिने.’’

रुशानियाने कोट चढवला. फाटकाशी आल्यावर तिने विचारलं, ‘‘गुरुवारी येता?’’

‘‘पेट्या कोण ऐकणार?’’ तो म्हणाला, आणि तळघराकडे गेला.

गुरुवारी रुशानियाने सकाळीच कपाटाच्या वरच्या फळीवरून जुनं पेनवालं यंत्र खाली काढलं. आता मोजणी संगणकावर होते. पेनची शाईसुद्धा वाळलेली. तिने नवी भरली.

‘‘हे कशाला, आपा?’’ इल्झिराने विचारलं.

‘‘असू दे. मला रेघ बघायची आहे.’’

हेलियमचं भांडं अकराला आलं. हेलियम एकसारखा उडून जातो, कुणासाठी थांबत नाही. साडेअकराला इल्झिरा म्हणाली, ‘‘घालू ना आत?’’

‘‘बाराची बस येऊ दे.’’

‘‘कोण येतंय?’’

‘‘बहुतेक कोणी नाही.’’

बारा वाजून दहा मिनिटं झाली. वीस झाली. इल्झिरा पातळी मोजणाऱ्या काडीकडे आणि मग रुशानियाकडे बघायची. बारा पस्तीसला रुशानिया म्हणाली, ‘‘घाल,’’ आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. चांगली जड, वाकून चालणाऱ्या माणसाची.

मिदहात दारात उभा राहिला. खांद्यावर बर्फ, हातात कापडात गुंडाळलेली बरणी. त्याने खोली पाहिली, निर्वात भांडं पाहिलं, भिंतीवरची आपल्याच अक्षरातली पाटी पाहिली. इल्झिराला म्हणाला, ‘‘बस घसरली रस्त्यात. आम्ही सगळ्यांनी ढकलली. चालू दे, पोरी.’’ मग भिजलेले हातमोजे काढले, क्षणभर हातात धरले, आणि दांड्याला अडकवले.

पापुद्रा हेलियममध्ये उतरला. पेनाने कागदावर सरळ रेघ धरली. निरपेक्ष शून्याच्या वर सात अंश, साडेसहा, सहा. रेघ सरळच. पाच. रुशानिया पेनाकडे बघत नव्हती, ती त्याच्या हातांकडे बघत होती. ते गुडघ्यांवर निपचित पडले होते. साडेचार झाले. पेन एकदा थरथरलं, आणि खाली आलं. थेट तळाला.

इल्झिरा टाळ्या वाजवायला गेली आणि दोघांची तोंडं बघून थांबली.

मिदहात वाकून कागदाजवळ गेला. बोट त्या तळाच्या रेघेपाशी आणलं, टेकवलं नाही.

‘‘दुसरा,’’ तो म्हणाला.

‘‘दुसरा,’’ रुशानिया म्हणाली.

मग तिने चहा केला. त्याने बरणी उघडली, आणि तिने एक चमचा मध तोंडात घातला. तो इल्झिराला तांब्याचे थर किती जाड दिलेत, शिसं कुठलं, भोक पडलं नाही हे कसं तपासलं, हे सगळं विचारत राहिला. भोकाचं तर तीनदा विचारलं. चारच्या बसची वेळ झाली तेव्हा उठला, टोपी घातली, कागदाचा तेवढा तुकडा मागून फाडून घेतला आणि निघाला. त्याची पावलं जिन्यावरून खाली उतरून गेली.

इल्झिरा यंत्र आवरत होती. ‘‘आपा, हातमोजे विसरले की आजोबा. बाहेर उणे वीस आहे. पळत जाऊन देऊ का?’’

रुशानियाने दांड्यावरच्या मोज्यांना हात लावून पाहिला.

‘‘राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘ओले आहेत अजून.’’